रिकाम्या वाटा आणि गौताळ्याचा वाघ

१७ मार्च २०२० रोजी अजिंठा आणि वेरूळची लेणी बंद झाली. करोनाच्या साथीमुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने देशभरातली संरक्षित स्मारके एकाच दिवशी बंद केली होती. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली लेणी, देवगिरीचा किल्ला आणि बीबी का मकबरा पुन्हा उघडायला १० डिसेंबर उजाडला. अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या घळीत जवळजवळ नऊ महिने ना शाळांच्या सहली आल्या, ना परदेशी पाहुणे, ना फर्दापूर फाट्यावरून पर्यटकांची बस सुटली.

अजिंठ्याला हा एकांत नवा नव्हता. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या मृत्यूनंतर तिथले कोरीवकाम थांबले. पुढे भिक्षूंची वस्तीही विरत गेली आणि कित्येक शतके लेण्यांच्या दारांवर झाडी वाढत राहिली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा कंपनीच्या घोडदळातला अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या घळीत आला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून दिसते. तो ज्या मुलखात आला तो वाघांचा होता. पण तो निर्मनुष्य नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. डोंगरात भिल्लांची वस्ती होती, गुरे चारणारे होते, लेण्यांची माहिती त्यांना होतीच. रान आणि माणूस दोघेही तिथे होते. बंदुका, सडका आणि रूळ मात्र अजून यायचे होते.

ते लवकरच आले. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला त्याचेच नाव मिळाले, आणि आज त्या घाटाभोवतीचे गौताळा औट्रमघाट अभयारण्यही ते नाव बाळगून आहे. १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत बसलेला रॉबर्ट गिल हाही नामांकित शिकारी होता. १९०० च्या सुमारास निजामाची गोदावरी खोऱ्यातली रेल्वे मनमाडवरून आपल्या शहरात पोचली. गौताळ्यात वाघाची शेवटची नोंद १९४० ची सांगितली जाते. या डोंगरांतल्या रानाला वाढायला हजार वर्षे मिळाली होती. त्यातला वाघ संपवायला सव्वाशे वर्षे पुरली.

टाळेबंदीत निसर्ग सावरला, प्राणी परतले, माणूस घरात बसला की पृथ्वी बरी होते, असे त्या काळात घरोघरी बोलले गेले. व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याची चित्रफीत जगभर फिरली, आणि ती व्हेनिसची नव्हतीच. तरी लोकांना ती खरी वाटावीशी वाटली, याचे कारण मी समजू शकतो. मरणाच्या बातम्यांत माणसाला काही तरी जगते आहे हे पाहायचे होते. पण त्या इच्छेला इतिहासाचा आधार नाही, आणि धोरण म्हणून ती घातक आहे. पाच-सहाशे वर्षांत या मुलखाने माणसांची माघार अनेकदा पाहिली. दुष्काळ, लढाया, प्लेग आणि इन्फ्लुएंझाने गावे रिकामी केली. त्यातली एकही माघार वन्यजीवांचे कायमचे भले करून गेली नाही. जिथे भले झाले, तिथे माणसांनी ठरवून काही केले होते.

आधी त्या शांततेची किंमत. ७ मे २०२० च्या संध्याकाळी जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे पायी निघाले. गावी जाणारी गाडी मिळेल या आशेवर ते रुळांच्या कडेने चालत होते. दमले, आणि गाड्या बंद आहेत असे समजून करमाडजवळ रुळांवरच टेकले. ८ मे च्या पहाटे मालगाडीखाली त्यांच्यातले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांची छायाचित्रे या देशाने पाहिली. टाळेबंदीतल्या नितळ आकाशाबद्दल आणि रस्त्यावर उतरलेल्या मोरांबद्दल बोलणाऱ्याने आधी करमाडपाशी थांबावे. इतकी किंमत देऊन मिळालेली शांतता पुन्हा हवी, असे कुणाही सज्जन माणसाला म्हणता येणार नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या शांततेने आपल्याला काय शिकवले.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. अंगावर उपग्रह-पट्टे लावलेले हजारो प्राणी साथीच्या आधीपासूनच जगभर फिरत होते. त्यांच्या हालचालींची आयती तुलना करता आली. ‘सायन्स’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४३ जातींच्या सुमारे २,३०० सस्तन प्राण्यांच्या नोंदी आहेत. टाळेबंदी कडक होती तिथे प्राण्यांची दहा दिवसांतली लांब पल्ल्याची भटकंती ७३ टक्क्यांनी वाढली. माणसांचा वावर दाट असलेल्या भागात ते रस्त्यांच्या ३६ टक्के अधिक जवळ आले. वाहने थांबली की प्राणी ते ओळखतात आणि वाटा बदलतात. रस्त्याचे डांबर त्यांना फारसे अडवत नाही, त्यावरची रहदारी अडवते. ही मोलाची गोष्ट आहे आणि तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

पण २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने घाईच्या निष्कर्षांना वेसण घातली. २१ देशांतले पाच हजारांहून अधिक कॅमेरे, १६३ जाती, आणि उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे. कुठे माणसे वाढली तसे प्राणी दबले. शहरांच्या आसपास काही जातींचा वावर माणसांबरोबर वाढलाही, फक्त तो रात्रीकडे सरकला. मांसभक्षी प्राणी सर्वांत सावध होते. एकच सूत्र सगळीकडे लागू पडले नाही. आणि हे सारे वागणुकीबद्दल आहे. प्राण्यांची संख्या वाढायला माद्यांना पिल्ले व्हावी लागतात, ती जगावी लागतात, त्यांना पुढे हद्द मिळावी लागते. काही महिन्यांच्या शांततेत यातले फार थोडे घडते.

शिवाय माणूस थांबला होता हे विधान मराठवाड्यापुरते अर्धेच खरे आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतली यंत्रे थांबली, जालना रोड ओस पडला, जुलै २०२० मध्ये या शहराने नऊ दिवसांची कडक संचारबंदीही पाळली. शेती मात्र चालू होती, तिला मोकळीक होती. पुण्या-मुंबईतून, वाळूजच्या खोल्यांतून माणसे गावी परतली तेव्हा शिवार रिकामे झाले नाही, ते भरले. चूल वाढली, सरपण वाढले, हातांना काम नव्हते. २०२०-२१ या वर्षात देशभरात रोजगार हमीवर ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. तोवर एवढे काम त्या योजनेवर कधी झाले नव्हते. काळवीट, लांडगा, रोही, खोकड, ससा हे आपले प्राणी मुख्यतः गावाच्या शिवारात आणि गायरानात राहतात. शहर थांबल्याचा फायदा त्यांच्यापर्यंत किती पोचला असेल, याचा विचार नितळ आकाशाची छायाचित्रे पाहताना कुणी केला नाही.

भूक शिवारात आली की काय होते याचा पुरावा त्याच काळात समोर आला. ट्रॅफिक या वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने टाळेबंदीआधीचे सहा आठवडे आणि टाळेबंदीतले सहा आठवडे तपासले. भारतात शिकारीच्या नोंदवलेल्या घटना ३५ वरून ८८ वर गेल्या होत्या. सर्वाधिक वाढ हरणे, सांबर यांसारख्या खुरांच्या प्राण्यांच्या शिकारीत होती, त्यांच्या घटना ८ वरून ३९ झाल्या. यातली बरीच शिकार खाण्यासाठी होती. वाघाच्या कातड्याचा व्यापार वाहतूक बंद असल्याने अडला, आणि सशा-हरणांचे मांस ताटात गेले. ताडोबा मार्चमध्ये बंद झाला तेव्हा तिथले गाइड आणि जिप्सीचालक बेकार झाले. अजिंठ्याच्या पायथ्याचे दुकानदारही तसेच. जंगल राखण्यातून ज्याला चार पैसे मिळतात, त्याचे पैसे बंद करून जंगल कसे राखले जाणार?

याच्याही मागे जाता येते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने, प्लेगने आणि अपुऱ्या पावसाने हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ मधल्या सुमारे १ कोटी ३४ लाखांवरून १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. मराठवाडा याच संस्थानात होता. त्या दशकात या भागातले रान वाढले, वाघ वाढले, अशी आठवण कुणी सांगत नाही. त्याच साथीबद्दल जिम कॉर्बेटने गढवालमधून लिहिले ते उलटेच आहे. मृतांची संख्या एवढी होती की दहनाला लाकूड आणि माणसे पुरेनात. प्रेते दरीत लोटली गेली आणि बिबट्यांना माणसाच्या मांसाची सवय लागली. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. साथ माणसाला दुबळे करते, आणि दुबळा माणूस वन्यजीवांचा चांगला शेजारी होऊ शकत नाही.

आणखी पाचशे वर्षे मागे दुर्गादेवीचा दुष्काळ आहे. परंपरा तो बारा वर्षांचा, १३९६ ते १४०७ असा सांगते. इतिहासकार ग्रँट डफने नोंदवल्याप्रमाणे १४२९ च्या सुमारास बहामनी राज्याने दादो नरसो काळे यांच्यासारख्या जाणत्या माणसांना उजाड मुलूख पुन्हा वसवायला पाठवले, तेव्हा गावांच्या सीमा कुठून कुठे होत्या हेच लोकांना सांगता येईना. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला तोबराभर धान्य, अशा सवलतींवर जमिनी लावल्या गेल्या. पुढे शिवकाळात आणि पेशवाईतही उजाड गावांना कौल देऊन, इस्ताव्याने सारा चढवत नेऊन वसाहत करण्याची रीत चालत राहिली. राज्याच्या दृष्टीने पडीक जमीन म्हणजे बुडालेला महसूल, आणि उपाशी रयतेच्या दृष्टीने ती जगण्याची संधी होती. दोघांचेही बरोबर होते. पण त्यामुळे दुष्काळाने वाढवलेले रान कुणी ठरवून राखलेले नव्हते, आणि ते राखायला कुणी उभेही राहिले नाही. आपत्तीने दिलेली मोकळी जागा आपत्ती सरताच परत घेतली जाते. २०२१ नंतर आपण तेच पाहिले. वाहने परतली, कारखाने परतले, पर्यटक परतले, आणि प्राण्यांनी दोन-तीन महिन्यांत शोधलेल्या वाटा पुन्हा तुटल्या.

इथे आपल्या जिल्ह्यातल्या सर्वांत आनंदाच्या बातमीकडे यायला हवे. मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. १९४० नंतर पहिल्यांदाच. पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचे ओळखता आले. सुमारे ३३० किलोमीटर चालून तो आला होता. साथ चालूच होती, त्यामुळे अनेकांनी या दोन गोष्टी जोडल्या. पण टिपेश्वरचे वाघ साथीआधीपासून बाहेर पडत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये उपग्रह-पट्टा लावलेला तिथला एक तरुण नर जूनमध्ये निघाला आणि तेलंगणातून, शेतांतून, रस्ते ओलांडत, सुमारे तेराशे किलोमीटर फिरून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेव्हा टाळेबंदी हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे आहे. तिथे संरक्षण चांगले झाले, वाघिणींची पिल्ले जगली, वयात आलेल्या नरांना हद्द उरली नाही, म्हणून ते निघाले. गौताळ्याच्या वाघाचे श्रेय द्यायचेच तर टिपेश्वरच्या वनरक्षकांना द्यावे, आणि रात्री आपल्या कपाशी-तुरीतून वाघ जाऊ देणाऱ्या शेकडो गावांना.

गौताळा त्याला का मानवले असेल हेही समजण्यासारखे आहे. कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत मिळून २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ पासून आहे. रानडुक्कर आणि रोही तिथे भरपूर आहेत. पितळखोऱ्याची लेणी त्याच्या पोटात आहेत आणि पाटणादेवीचा परिसर त्याला लागून. पण एकटा नर म्हणजे वाघांची वस्ती नव्हे. वाघीण येत नाही किंवा आणली जात नाही, तोवर ही पुनरागमनाची कहाणी एका प्राण्याच्या आयुष्याएवढीच राहील. आणि वाघिणी नरांइतक्या लांब जात नाहीत.

हा वाघ ज्या वाटेने आला असेल तिचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. टिपेश्वर समृद्धी महामार्गाच्या दक्षिणेला आहे, गौताळा उत्तरेला. म्हणजे कुठे तरी त्याने ती रेषा ओलांडलीच. २०२१ च्या आरंभी ती बांधकामात होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. त्यावर वन्यप्राण्यांसाठी खालून आणि वरून जाणारे मार्ग बांधले आहेत, आणि ते बांधले ही या राज्याने योग्य केलेली गोष्ट आहे. पण प्राण्यासाठीचा मार्ग म्हणजे फक्त काँक्रीटचा बोगदा नसतो. त्याच्या दोन्ही तोंडांशी प्लॉटिंग झाले, ढाबे उभे राहिले, रात्रभर दिवे लागले, तर त्या बोगद्यातून कुत्र्यांशिवाय कुणी जाणार नाही. रहदारी प्राण्याला अडवते हा साथीतल्या अभ्यासाचा धडा इथे थेट लागू पडतो.

टाळेबंदीला भलतेच श्रेय देण्याचा प्रकार लोणारबाबतही झाला. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि कुणी ते टाळेबंदीच्या खात्यावर टाकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा कारण निघाले उन्हाळ्याने आटलेले, अधिक खारट झालेले पाणी आणि त्यात वाढलेले, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. नवी मुंबईतल्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रेही त्याच उन्हाळ्यात गाजली. ठाण्याच्या खाडीत ते दरवर्षी येतात, म्हणून तर २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले. फरक हा, की त्या वर्षी लोक खिडकीत उभे राहून पाहत होते. पाहणे वाईट नाही. पण पाहणाऱ्याला वेळ मिळाला म्हणून पक्षी वाढले, असे होत नाही.

ज्या भीषण घटनेने २०२० च्या अखेरीस पैठण तालुका हादरला, तीही याच चौकटीत पाहावी लागेल. नोव्हेंबर २०२० मध्ये आपेगावात बिबट्याच्या हल्ल्यात बाप आणि लेक मारले गेले. आष्टी, पाथर्डी, करमाळा या तालुक्यांतही त्या आसपास माणसे गेली आणि डिसेंबरमध्ये करमाळ्यात एका बिबट्याला गोळी घालावी लागली. शहरात तर साथीआधीच, ३ डिसेंबर २०१९ रोजी, सिडकोच्या एन-१ भागात बिबट्या शिरला आणि त्याला पकडताना सारे शहर श्वास रोखून होते. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीतल्या कॅमेऱ्यांत पुन्हा बिबट्या दिसला. साथीआधी, साथीत आणि साथीनंतर. याचे मूळ शोधायचे तर ते पन्नास वर्षांपूर्वीच्या कालव्यांत आहे. जायकवाडीचे पाणी आले, ऊस आला, उसात बारमाही सावली, पाणी, डुकरे आणि कुत्री आली. बिबट्याला आणखी काय लागते? वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटर शेतीत पाचच्या आसपास प्रौढ बिबटे राहत असल्याचे २०१३ मध्येच दिसले होते, आणि ते बहुतांशी माणसाला इजा न करता राहत होते. हे सहजीवन चालते तेव्हा त्याची बातमी होत नाही. बिघडते तेव्हा घरचा कर्ता जातो. त्या घराला वन्यजीव संवर्धनाचे महत्त्व सांगायला जाण्याआधी भरपाई, विजेची दिवसाची पाळी आणि गोठ्याला पक्के दार द्यायला हवे.

जायकवाडीचा विषय निघाला आहे तर त्या धरणाच्या नाथसागर जलाशयाबद्दल थोडे अधिक बोलू, कारण माणूस हटल्याने वन्यजीव आल्याचे या जिल्ह्यातले सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. ११८ गावांची माणसे उठली. त्यांच्या काळ्याभोर, गोदाकाठच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्या उथळ पाण्यावर, गाळाच्या बेटांवर पक्षी येऊ लागले. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, करकोचे, सुरय, रोहित. १९८६ मध्ये सुमारे ३४० चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. या पक्ष्यांचे आपल्याला कौतुक आहे आणि असायला हवे. पण प्रत्येक हिवाळ्यात नाथसागराच्या काठी दुर्बीण लावणाऱ्याने लक्षात ठेवावे, की ती जागा ११८ गावांनी मोकळी केली आहे, आणि त्यातल्या अनेकांची मुले-नातवंडे आजही पाणी ओसरले की गाळपेर करून आणि मासेमारी करून जगतात.

पक्ष्यांचे गणित तिथे टाळेबंदीवर चालत नाही, पाण्याच्या पातळीवर चालते. २०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते इतके भरले की दरवाजे उघडावे लागले. धरण तुडुंब असले की दलदलीचे काठ बुडतात आणि चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांना जागा राहत नाही. पाणी उतरते तशी जागा उघडते, आणि नेमकी तीच जागा गाळपेर करणाऱ्यालाही हवी असते. संघर्ष इथे आहे, दरवर्षी आहे, साथ असो वा नसो. आता तिथे तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. कहार समाजाच्या संघटनेने त्याला हरित न्यायाधिकरणात आव्हान दिले, ते २०२४ मध्ये फेटाळले गेले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. वीज हवीच आहे, तीही धुराविना. पण पाण्याचा कोणता भाग पॅनेलखाली जाणार हे ठरवताना भोई-कहार मच्छीमार आणि पक्षी अभ्यासक एका टेबलाशी बसले पाहिजेत. उथळ काठ सोडून खोल पाण्यात पॅनेल ठेवता येतात का, हा तांत्रिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग साथीच्या काळात या जिल्ह्यात वन्यजीवांसाठी खरोखर काय चांगले झाले? माझ्या मते खाम नदीवरचे काम. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली ती या नदीच्या आधाराने. जटवाड्याच्या डोंगरांतून येऊन, हर्सूलवरून, पाणचक्कीजवळून वाहत ती गोदावरीकडे जाते, म्हणजे शहराने तिच्यात टाकलेले सारे अखेर नाथसागराकडे जाते. साथ चालू असताना महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि काही उद्योग यांनी मिळून तिच्या काठावरचा कचरा काढायला, नाल्यांना जाळ्या लावायला, देशी झाडे लावायला सुरुवात केली. जागतिक पातळीवरच्या डब्ल्यूआरआय रॉस सेंटर पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत हे काम पोचले. नदी पूर्ण स्वच्छ झालेली नाही, सांडपाण्याचा प्रश्न मोठा आहे. पण माणसे घरात बसली म्हणून खाम सुधारली नाही. माणसे मास्क लावून नदीत उतरली म्हणून जेवढी सुधारली तेवढी सुधारली.

अजिंठ्यातही असे उदाहरण साथीच्या कितीतरी आधीचे आहे. भित्तिचित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून खासगी वाहने लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूर फाट्यावर थांबवली जातात आणि पुढे बसने जावे लागते. सुरुवातीला कुरकुर झाली, आज कुणाला त्यात वावगे वाटत नाही. चित्रांसाठी घेतलेल्या या निर्णयाने त्या घळीतल्या पाखरांना आणि वानरांनाही वीस वर्षे गाड्यांच्या रांगेपासून वाचवले. औट्रम घाटात ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी झाली. कारण होते वाहतूककोंडी आणि अपघात. पण घाट अभयारण्यातून जातो. साथीत जगाला जो प्रयोग अनिच्छेने करावा लागला, तो इथे न्यायालयाच्या आदेशाने, कुणाचाही जीव न घेता झाला आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. औट्रम घाटाच्या दोन्ही बाजूंना वर्षभर कॅमेरे लावून जड वाहने नसताना कोण, कधी रस्ता ओलांडते याची नोंद वन विभागाने ठेवावी आणि ती जाहीर करावी, म्हणजे घाटातल्या बोगद्याचा किंवा रुंदीकरणाचा निर्णय होईल तेव्हा हाती पुरावा असेल. समृद्धीवरच्या प्राण्यांच्या मार्गांच्या तोंडांशी असलेल्या जमिनींवर अकृषिक परवानगी देऊ नये, आणि त्या शेतकऱ्यांना त्याचा मोबदला द्यावा. नाथसागराच्या काही निवडक उथळ काठांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाळपेर आणि जाळी थांबवता येतील, पण ते काठ मच्छीमारांनी आणि धरणग्रस्तांनी निवडावेत आणि त्या चार महिन्यांची मजुरी त्यांना मिळावी. रोजगार हमी ही कल्पना महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात देशाला दिली. गौताळ्याच्या काठच्या गावांत पाणवठे, समतल चर, गवताची राखण ही कामे त्याच हमीतून होऊ शकतात. यासाठी लागणारा पैसा समृद्धीवरच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

जिल्हा नियोजन समितीचा वार्षिक आराखडा दरवर्षी हिवाळ्यात ठरतो. कन्नड, सोयगाव, पैठण आणि शहरातल्या वाचकांनी आपापल्या आमदाराला आणि जिल्हा परिषद सदस्याला या बैठकीआधी पत्र लिहावे, औट्रम घाट, समृद्धीचे प्राणीमार्ग आणि नाथसागर या तीन नावांसाठी आराखड्यात किती रक्कम आहे ते विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावे.